टीव्ही बदलू नका, आधी ती पिवळी वायर काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या महिन्यात ५५ इंची फोरके टीव्ही घेतला. दुकानात चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. घरी मात्र मालिका आणि बातम्या जुन्या ३२ इंची टीव्हीपेक्षाही धूसर दिसतात. क्रिकेटमध्ये चेंडूला शेपूट येते, ओटीटीवरचा सिनेमा मालिकेसारखा वाटतो आणि आई म्हणते रंग डोळ्यांत खुपतात. सेट टॉप बॉक्स एचडी आहे. पॅनेल खराब लागलं का? बदलून मागावं, की पैसे देऊन कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने रंगांची जुळवणी, करून घ्यावं?

पॅनेल ठीक आहे. ते खराब असतं तर उभी रेघ, कोपऱ्यात काळा डाग किंवा एखादा निळसर पट्टा दिसला असता, आणि तो प्रत्येक चॅनलवर त्याच जागी दिसला असता. तुमच्या चारही तक्रारींची कारणं पॅनेलच्या बाहेर आहेत. मी पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून या धंद्यात आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. तेव्हा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर जळायचा, ट्यूब फिकी पडायची, सोल्डरचा धूर नाकात जायचा. आता 'चित्र चांगलं येत नाही' म्हणून बोलावणं आलं की बहुतेक वेळा पिशवीतून स्क्रूड्रायव्हर बाहेरच निघत नाही. सगळं काम रिमोटवर होतं.

धूसरपणापासून सुरुवात करू, कारण तो गेला तर अर्धी नाराजी तिथेच संपेल.

बॉक्स एचडी आहे हे तुम्ही लिहिलंत, पण तो टीव्हीला कोणत्या वायरने जोडलाय ते लिहिलं नाहीत. गुहागरच्या बाजूला एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो होतो, त्यांची तक्रार शब्दशः तुमचीच होती. टीव्ही भिंतीवर, बॉक्स खाली शोकेसमध्ये. टीव्हीमागे हात घातला तर हाताला तीन तोंडांची वायर लागली, लाल, पांढरी, पिवळी. टीव्ही भिंतीवर चढवताना बॉक्ससोबत आलेली एचडीएमआय वायर पुरेना, म्हणून लावणाऱ्याने जुनीच वायर खोचून दिली होती. चित्र आलं, आवाज आला, चहा घेऊन तो गेला. मास्तर मात्र दोन वर्षं एचडी चॅनलांचे पैसे भरत होते. त्या पिवळ्या तोंडातून एचडी जातच नाही. बॉक्सने कितीही चांगलं चित्र पकडलेलं असो, पिवळ्या वायरीतून ते जुन्या दूरदर्शनच्या काळातलं, ५७६ ओळींचं होऊनच बाहेर पडतं. मी तीन मीटरची साधी एचडीएमआय वायर लावली, टीव्हीवर इनपुट बदलला. मास्तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "हा आपलाच चॅनल आहे ना?"

तेव्हा आधी मागे हात घालून बघा. वायर एचडीएमआय असेल तर पुढची पायरी बॉक्सच्या मेनूत. सेटिंगमध्ये 'व्हिडिओ' किंवा 'डिस्प्ले' असं काहीतरी असतं, त्यात आउटपुट रिझोल्यूशन बघा. ते ५७६ वर अडकलेलं असेल तर १०८०आय करा. त्याच पानावर पडद्याचा आकार १६:९ आहे ना तेही बघून घ्या. नंतर चॅनलचा क्रमांक. आपल्याकडे मराठीतल्या मोठ्या वाहिन्यांचे साधे आणि एचडी असे दोन वेगळे चॅनल असतात, दोन वेगळ्या क्रमांकांवर. घरातल्या मोठ्या माणसांना जुना क्रमांक तोंडपाठ असतो, बोटं तिकडेच जातात. शिवाय २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नव्या दरपद्धतीत चॅनल निवडून घ्यावे लागतात. तेव्हा एचडी बॉक्स घरात असला तरी पॅकमध्ये एकही एचडी वाहिनी नसू शकते. बॉक्स एचडी म्हणजे चित्र एचडी, असं समीकरण नाही.

यात थोडं गणित आहे. ते एकदा डोक्यात बसलं की दुकानातलं आणि घरचं चित्र वेगळं का, हा प्रश्न उरत नाही. साध्या चॅनलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. तुमचा फोरके पडदा ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. भागाकार करा. साध्या चॅनलवर तुमच्या पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे सिग्नलमधून एकच ठिपका येतो, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. पेलाभर ताकात एकोणीस पेले पाणी. जुन्या ३२ इंचीवर हेच ताक कमी पाण्यात होतं, म्हणून ते दाट लागायचं. दुकानात तर टीव्हीला पेनड्राइव्हवरून खास चित्रित केलेलं फोरके चित्रीकरण दिलेलं असतं: फुलं, पोपट, रात्रीचं शहर. तिथे कुणी तुम्हाला सातच्या बातम्या लावून दाखवणार नाही. टीव्ही घ्यायला जाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, काउंटरवर आग्रह धरा आणि आपण रोज बघतो तो चॅनल लावायला लावा. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अँटेनाबद्दल एक गैरसमज अजून आहे. 'छत्री थोडी हलवून बघा, चित्र स्वच्छ होईल' हे जुन्या काळात खरं होतं. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, अँटेना फिरवला की मुंग्या कमी व्हायच्या. आता सिग्नल आकड्यांत येतो. तो पुरेसा असेल तर चित्र पूर्ण दिसतं, कमी पडला तर चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग पडदा काळा. मधली पायरी नाही. छत्री हलवून धूसरपणा जाणार नाही. चौकोन पडत असतील तर मात्र जरूर वर चढा, आणि आधी छत्रीच्या तोंडाशी असलेला कनेक्टर बघा. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्या कनेक्टरच्या आतली तांब्याची तार हिरवी पडते. अर्धा इंच वायर कापून नवा कनेक्टर बसवला आणि वर रबरी टेप गुंडाळला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिंता नाही. ऐन मुसळधार सरीत चित्र गेलं तर ते पावसामुळे, तेव्हा कुणालाही बोलावू नका.

ओटीटीचंही असंच. फोरके टीव्हीवर ॲप उघडलं म्हणजे फोरके दिसतं असं नाही. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२० ओळींचा, स्टँडर्ड १०८० चा, आणि फोरके फक्त प्रीमियममध्ये. फोरकेसाठी ते स्वतः १५ एमबीपीएसचा वेग सुचवतात. तुमचं कनेक्शन १०० चं असेलही, पण राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर टीव्हीपर्यंत किती पोहोचतं ते टीव्हीवरच तपासा, मोबाइलवर नको. जमलं तर राउटरपासून लॅनची वायर ओढा. टीव्हीवरचं लॅनचं तोंड बऱ्याचदा १०० एमबीपीएसचंच असतं, पण सिनेमासाठी तेवढं पुरून उरतं.

आता खोली. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. दुपारी टीव्ही बंद करा, सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा आणि काळ्या पडद्याकडे बघा. त्यात जे जे दिसेल, खिडकी, ट्यूबलाइट, तुमचा पांढरा सदरा, ते ते सगळं टीव्ही चालू असतानाही चित्रावर सांडलेलं असतं. डोळा त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण काळा रंग राखाडी होतो तो होतोच. समोरच्या खिडकीला जाड पडदा लावा, किंवा टीव्ही खिडकीच्या काटकोनात असलेल्या भिंतीवर न्या. रात्री उलटी अडचण होते: सगळे दिवे मालवले की उजळ पडद्याने डोळे शिणतात. टीव्हीच्या मागे, भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद पांढरा दिवा लावा, समोरून दिसणार नाही असा. डोळ्यांना आराम पडतो आणि काळा जास्त काळा भासतो. रंगीबेरंगी एलईडी पट्ट्या मात्र नको. मागे जांभळा उजेड असेल तर पडद्यावरच्या माणसाचा चेहरा पिवळट वाटणारच.

टीव्ही किती उंच लावलाय? आपल्याकडे शोकेसच्या वर, जवळजवळ देवघराच्या उंचीला लावायची हौस आहे. साध्या एलईडी टीव्हीत पॅनेल मुख्यतः दोन जातींची असतात. आयपीएस बाजूने पाहिलं तरी रंग टिकवतं, पण त्याचा काळा राखाडी असतो. व्हीए समोरून दाट काळा देतं, पण मान वर करून किंवा बाजूच्या खुर्चीवरून पाहिलं की फिकं पडतं. तुमचं व्हीए असेल आणि सात फुटांवर टांगलेलं असेल, तर तुम्ही त्याचा चांगला काळा कधी पाहिलेलाच नाही. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास हवा. ते शक्य नसेल तर खाली झुकणारा ब्रॅकेट घ्या, एवढ्यानेही फरक पडतो.

अंतराबद्दल लोक फार काळजी करतात, तुम्ही करू नका. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका साधारण सात फुटांपलीकडून निरोगी डोळ्याला सुटा दिसत नाही, आणि फोरकेचा ठिपका साडेतीन फुटांपलीकडून. आपल्या हॉलमध्ये सोफा नऊ-दहा फुटांवर असतो. म्हणजे चांगल्या एचडीत आणि चांगल्या फोरकेत तिथून फारसा फरक दिसणार नाही. जो दिसतो तो रंगांचा आणि उजेडाचा. नुसत्या 'फोरके'साठी सोफा पुढे ओढण्यात अर्थ नाही, उलट साधे चॅनल लांबूनच बरे दिसतात.

एवढं झालं की रिमोट हातात घ्या. इथे माझं एकच म्हणणं आहे. मेनूत जेवढी 'सुधारणा' करणारी बटणं आहेत, त्यांतली बहुतेक बंद करायची असतात. चांगलं चित्र म्हणजे सिग्नलमध्ये जे आलं ते, तसंच, भर न घालता. दुकानातला टीव्ही नेमका याच्या उलट लावलेला असतो, कारण तिथे शेजारच्या पंधरा टीव्हींमध्ये त्याला ओरडायचं असतं, वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो.

पहिल्यांदा टीव्ही सुरू करताना 'होम' की 'स्टोअर' असं विचारतात. लावणाऱ्याने घाईत स्टोअर निवडलं असेल तर तो दर काही मिनिटांनी आपोआप भडक मोडवर जातो. आईंच्या तक्रारीचं एक कारण हे असू शकतं. सामान्य सेटिंगमध्ये जाऊन होम करा. मग पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला. स्टुडिओ, दिग्दर्शक आणि टीव्ही कंपन्या एकत्र येऊन ठरलेला तो मोड आहे, आणि त्यात टीव्हीची बहुतेक लुडबुड आपोआप बंद होते. तुमच्या टीव्हीत असेल तर माझं निम्मं उत्तर त्या एका बटणात आहे.

हा मोड लावल्याबरोबर घरातलं कुणीतरी म्हणणार, "किती पिवळट दिसतंय!" हमखास. याचं कारण आपल्याला निळीची सवय आहे. पांढऱ्या धोतराला नीळ दिली की ते जास्त पांढरं दिसतं, खरं तर ते निळसर झालेलं असतं. दुकानातल्या टीव्हीचा पांढरा तसाच नीळ दिलेला पांढरा. सिनेमा आणि मालिका ज्या मॉनिटरवर तयार होतात त्यांचा पांढरा ६५०० केल्विनचा, ढगाळ दुपारच्या उजेडासारखा असतो. मेनूत तो 'वॉर्म', 'वॉर्म २', किंवा 'एक्सपर्ट' या नावांनी सापडतो. दोन-तीन दिवस तसाच ठेवा. डोळा रुळतो, आणि मग एक दिवस परत 'कूल' लावून बघा: वृत्तनिवेदिकेच्या चेहऱ्यावर निळी झाक दिसेल आणि तिची हळदी रंगाची साडी लिंबाच्या रंगाची झालेली असेल. आईंना अगदीच नको वाटलं तर मधला 'वॉर्म १' ठेवा, घरात भांडण नको.

शार्पनेस या एका गोष्टीसाठी मी लोकांना पडद्यापासून दोन फुटांवर उभं करतो. बातम्यांचा एचडी चॅनल लावा. खाली मराठी मथळ्यांची पट्टी सरकत असते, तिची शिरोरेषा बघा. शार्पनेस वाढलेला असेल तर शिरोरेषेच्या वर आणि खाली आणखी एकेक फिकट रेघ दिसते, अक्षराला कुणी खडूने कड काढावी तशी. ती कड सिग्नलमध्ये नाही, टीव्हीने काढलेली आहे. आता शार्पनेस एकेक आकडा खाली आणत जा. एका ठिकाणी ती भुताची रेघ नाहीशी होते, अक्षर मात्र तसंच राहतं. तिथे थांबा. काही कंपन्यांच्या टीव्हीत तो आकडा शून्याजवळ येतो. सोनीत मात्र ५० हाच मूळ बिंदू आहे, तिथे शून्यावर नेलंत तर चित्रच धूसर होईल. म्हणून आकडा कुणाला विचारू नका, शिरोरेषेला विचारा. मागे हटून सोफ्यावर बसलात की पहिले दहा मिनिटं चित्र मऊ वाटेल. मग पोत दिसायला लागतो, दाढीचे खुंट, साडीची जर.

ब्राइटनेसच्या नावाखाली मोठा घोळ आहे. जुन्या टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे काळा किती काळा, आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढरा किती पांढरा. आता काही टीव्हीत 'ब्राइटनेस' म्हणजे मागच्या दिव्याची तीव्रता, आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'शॅडो डिटेल' असं वेगळं बटण. ओळखायचं असं: वरखाली काळ्या पट्ट्या येतात असा एखादा सिनेमा रात्री, दिवे मालवून लावा आणि बटण फिरवा. पट्ट्यांसकट सगळं चित्र सारखं उजळत असेल तर तो मागचा दिवा. तो खोलीप्रमाणे ठेवा, दिवसा जास्त, रात्री कमी. पट्ट्या राखाडी होत असतील पण पांढरा ढग जवळजवळ तसाच असेल, तर ते काळ्याचं बटण. काळ्यासाठी पट्ट्या राखाडी व्हायला लागेपर्यंत वर न्या, मग एक-दोन पायऱ्या खाली. त्या जागी काळ्या कोटाची कॉलर आणि काळे केस वेगळे दिसले पाहिजेत. ते एकमेकांत मिसळले तर फार खाली गेलात. आणखी नीट करायचं असेल तर नेटफ्लिक्सवर 'टेस्ट पॅटर्न्स' असं शोधा, ठरावीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिळतात. पेनड्राइव्हवर घालायच्या 'एव्हीएस एचडी ७०९' या फायलीही फुकट आहेत, मी वर्षानुवर्षं त्याच वापरतो. कलर आणि टिंट यांना मात्र हात लावू नका. सिनेमा मोडमध्ये ते बहुधा बरोबरच असतात.

याच पानावर 'इको', 'लाइट सेन्सर', 'एआय पिक्चर' अशी नावं दिसतील, ती बंद करा, नाहीतर तुम्ही बसवलेला काळा टीव्ही स्वतःच रात्री बदलेल. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद. 'नॉइज रिडक्शन' एचडीला आणि ओटीटीला बंद, साध्या चॅनलला 'लो' ठेवलं तर चौकोनांची वळवळ थोडी दबते.

आणि तुमच्या चेंडूची शेपूट बऱ्याचदा याच नॉइज रिडक्शनमधून येते. हे बटण आधीच्या आणि आताच्या चित्राची सरासरी काढून दाणे पुसतं. चेंडू वेगात असतो, आधीच्या चित्रात तो एका जागी आणि आताच्या चित्रात दुसऱ्या जागी, सरासरी काढली की मागे सावली उरते. दुसरा आरोपी मोशन. आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण सहसा सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं. बरेच टीव्ही त्यात आणखी मधली चित्रं स्वतः तयार करून घुसवतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसेल. बॅटच्या मागून चेंडू बाहेर येतो त्या क्षणी टीव्हीचा अंदाज चुकतो आणि चेंडू फाटतो किंवा क्षणभर गायब होतो. एलजीत याला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी'. आधी नॉइज रिडक्शन बंद करून एक षटक बघा, मग मोशन बंद करून एक षटक. दोन्ही एकदम बंद केलंत तर दोषी कोण ते कळणार नाही.

सामना ॲपवर बघत असाल आणि कॅमेरा मैदानावरून फिरताना चित्र ठेचकाळत असेल, तर ते वेगळं. प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं, आणि ॲपसाठी टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक ६० ने बाहेर पाठवते. दहा चित्रं कुठून आणायची? काही चित्रं दोनदा दाखवली जातात, म्हणून हिसका बसतो. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेमरेट जुळवण्याचा पर्याय शोधा आणि चालू करा.

सिनेमा मालिकेसारखा दिसण्याचं कारणही हेच मोशन. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि त्या किंचित अडखळत्या चालीला आपला डोळा 'सिनेमा' म्हणून ओळखतो. जुन्या मालिका आणि बातम्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, सेकंदाला ५० हालचालींच्या. टीव्हीने २४ मध्ये भर घालून गुळगुळीत केलं की कोट्यवधींचा सिनेमा स्टुडिओतल्या दिवाणखान्यात घडल्यासारखा दिसतो. हे इतकं खुपतं की २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने एका दिग्दर्शकासोबत व्हिडिओ काढून लोकांना हे बटण बंद करायला सांगितलं होतं. सिनेमाला ते बंदच हवं. खेळाला थोडं आवडत असेल तर खेळासाठी वेगळा मोड ठेवा.

सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळी राहते, हे अनेकांना माहीत नसतं. तुम्ही बॉक्सवर, म्हणजे एचडीएमआय १ वर सगळं नीट केलंत, मग टीव्हीतलं ॲप उघडलंत तर तिथे पुन्हा व्हिव्हिड असू शकतं. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेला, सिनेमा सुरू झाला की आणखी तिसरी सेटिंग उघडते. काही टीव्हीत 'सर्व इनपुटना लागू करा' असा पर्याय असतो. सगळं मनासारखं झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की कधीकधी सगळं मूळ जागी जातं.

एचडीआरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण महिन्याभरात विचाराल: "एचडीआर लागलं की चित्र काळोखं का होतं?" ते चित्रण बहुधा हजार निटच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेडासाठी केलेलं असतं, आणि मध्यम किमतीचे टीव्ही अडीचशे-तीनशे निटपर्यंतच जातात. उरलेला उजेड कुठेतरी दाबावा लागतो, आणि मधले रंग अंधारतात. एचडीआर सुरू असताना मागचा दिवा पूर्ण वर न्या, खोली अंधारी ठेवा. तरी आवडलं नाही तर स्टिकमधून एचडीआर बंद करून साधं चित्र बघा. खोक्यावरचा एचडीआरचा शिक्का वसूल झालाच पाहिजे असं काही नाही.

जुने कृष्णधवल मराठी चित्रपट बघत असाल तर एक विनंती. ते चौरसाकडे झुकणाऱ्या आकाराचे आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. पट्ट्या नकोत म्हणून 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' लावला की चित्र जवळपास ३३ टक्के रुंद होतं आणि सडसडीत नायिका एकदम बाळसं धरते. एचडी चॅनलला मात्र पडद्याचा आकार 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नावाच्या पर्यायावर ठेवा. नाहीतर टीव्ही कडेचा थोडा भाग कापून उरलेलं चित्र ताणतो, धावफलकाची कड जाते आणि मूळचा नेटकेपणाही.

महागड्या वायरीबद्दल थोडंसंच. सोन्याचा मुलामा, हजारोंची किंमत, 'रंग खुलतात' वगैरे ऐकाल. एचडीएमआयमधून आकडे जातात. वायर पुरी पडली तर चित्र पूर्ण, नाही पडली तर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. रंग खुलवणारी एचडीएमआय वायर मी तरी अजून पाहिलेली नाही. तुमच्या बॉक्सला दोन-तीन मीटरची साधी, 'हाय स्पीड' लिहिलेली पुरते.

आता कॅलिब्रेशन. तो माणूस पडद्यावर मोजणीचं यंत्र टेकवून पांढरा आणि रंग आकड्यांत जुळवतो, काम खरं आहे. अंधारी खोली, ओलेड टीव्ही किंवा प्रोजेक्टर, आणि रोज सिनेमा बघणारा माणूस असेल तर पैसे वाया जात नाहीत. तुमच्या उजेडी हॉलमध्ये, साध्या चॅनलांसाठी, तो फरक कुणालाच दिसणार नाही. तेवढ्या पैशांत समोरच्या खिडकीला जाड पडदा, टीव्हीला झुकणारा ब्रॅकेट आणि वर्षभराचे मराठी एचडी चॅनल येतील. इंटरनेटवर तुमच्याच मॉडेलचे कुणीतरी टाकलेले आकडे उचलणार असाल तर मोड, शार्पनेस, मोशन एवढंच उचला. पांढऱ्याचे बारीक आकडे उचलू नका, एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलांमध्येही ते वेगळे असतात.

पडदा पुसायला कोरडं मऊ मायक्रोफायबर कापड. काच पुसायचा निळा स्प्रे वापरून वरचा थर उडवलेले टीव्ही मी पाहिले आहेत. त्यावर मेनूत इलाज नाही.

आज रात्री फक्त वायर, चॅनलचा क्रमांक आणि सिनेमा मोड, एवढंच करा. बाकीचं रविवारी, सामना चालू असताना. तरीही शेपूट राहिली तर टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि बॉक्सच्या व्हिडिओ मेनूचा फोटो पाठवा, सामना बॉक्सवर पाहिलात की ॲपवर तेही लिहा.